लहान मुलखाचा व्यापार आणि त्यामागील कसब

(दांडिया बाजार, वडोदरा येथे मराठी भाषक नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दांडिया बाजारातून राजमहाल रस्त्याकडे निघाले की थोड्याच अंतरावर कलाभवनाची वास्तू लागते. या वस्तीतील कित्येक मराठी कुटुंबांतील मुले तेथे शिकली. रोज तिच्यावरून जाणाऱ्यांना ती आता एका मोठ्या विद्यापीठाची एक शाखा एवढीच वाटते. परंतु एखादा लहान मुलूख जगाच्या बाजारपेठेत आपले स्थान कसे मिळवितो, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यास त्या उत्तराचा मोठा भाग या वास्तूपाशीच सापडतो. आजचा विषय तोच आहे. त्यासाठी दोन लहान मुलखांचा विचार येथे करावयाचा आहे. एक आपल्या परिचयाचे जुने बडोदे संस्थान आणि दुसरा युरोपातील स्लोव्हेनिया हा देश.

दोन मुलूख, एकच माप

इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया या चार देशांच्या मध्ये स्लोव्हेनिया वसलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० हजार चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे २१ लाख. पूर्वीच्या बडोदे संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ८ हजार चौरस मैल, म्हणजे २१ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होते, आणि १९३१ च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख भरली होती. विस्ताराने आणि माणसांच्या संख्येने हे दोन मुलूख एकमेकांच्या इतके जवळ असावेत, हा केवळ योगायोग होय. पण तुलनेला तो उपयोगी पडतो.

दोघांच्याही वाट्याला निसर्गाने फार मोठे दान दिलेले नाही. स्लोव्हेनियाची निम्म्याहून अधिक भूमी जंगलाने व्यापलेली असून समुद्रकिनारा पन्नास किलोमीटरही भरत नाही. बडोदे संस्थानाची जमीन सुपीक होती हे खरे. तथापि बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे चार प्रांत एकमेकांपासून तुटलेले होते आणि मधल्या भागात परक्या सत्तेची किंवा दुसऱ्या संस्थानांची हद्द होती. एका प्रांतातील माल दुसऱ्या प्रांतात न्यावयाचा तरी वाटेत सीमा ओलांडाव्या लागत.

असे असूनही आज स्लोव्हेनियाची वस्तू आणि सेवा यांची निर्यात त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चार-पंचमांश इतकी भरते. औषधे, मोटारी व त्यांचे सुटे भाग, विजेची उपकरणे आणि यंत्रसामग्री हा तिचा मुख्य माल होय. नोवो मेस्तो हे तेथील एक गाव आपल्याकडील तालुक्याच्या ठिकाणाएवढे आहे. त्या एका गावात १९५४ साली स्थापन झालेला क्रका हा औषधांचा कारखाना आहे, मोटारगाड्यांचा कारखाना आहे आणि प्रवासी घरगाड्या बनविणारा कारखानाही आहे. आयदोव्हश्चिना या त्याहूनही लहान गावातील पिपिस्ट्रेल या कंपनीच्या विमानाला २०२० साली युरोपातील विमानसुरक्षा संस्थेची मान्यता मिळाली. पूर्णतः विजेवर चालणाऱ्या विमानाला अशी मान्यता मिळण्याची जगातील ती पहिलीच वेळ होती. वीस-एकवीस लाखांच्या देशाला हे कशाच्या बळावर साधले, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

मोटेचा दाखला

या प्रश्नाचे उत्तर ग्रामीण भागातील वडीलधाऱ्या मंडळींना समजावून सांगण्यास मोटेचा दाखला पुरेसा आहे. विहिरीवर मोट चालावयाची तर चाकाचे लाकूडकाम सुताराकडून यावे लागे, कणा व कड्या लोहाराकडून, कातड्याची मोट व सोंड चर्मकाराकडून आणि नाडा-सोंदूर वळणाराकडून. यांपैकी एकाचे जरी कसब गावात नसले तरी विहीर भरलेली असूनही शेत कोरडे राही. याचा अर्थ असा की शेताला मिळणारे पाणी हे विहिरीचे जितके, तितकेच त्या चार कारागिरांच्या एकत्र असण्याचेही होते.

देशाच्या व्यापाराची गोष्ट याहून वेगळी नाही. रिकार्डो हाउसमान आणि सेझार हिदाल्गो या दोन अभ्यासकांनी २००९ साली ही कल्पना आकड्यांत मांडली आणि देशोदेशींच्या निर्यातीवरून तिचे मोजमाप करण्याची रीत घालून दिली. तिला आर्थिक जटिलता असे नाव आहे. जटिलता या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. येथे तो दोषवाचक नसून अनेक कसबांची वीण असा त्याचा अर्थ आहे. या रीतीत दोन गोष्टी पाहतात. एखादा देश किती निरनिराळ्या वस्तू बाहेर पाठवितो ही पहिली, आणि त्याच वस्तू आणखी किती देशांना बनविता येतात ही दुसरी. अनेकांना येणारी वस्तू विकून मिळणारा भाव अनेकांच्या स्पर्धेत घसरतो. मोजक्यांनाच येणारी वस्तू ज्याच्या हाती, त्याच्या शब्दाला बाजारात वजन असते.

कापसाचेच उदाहरण घ्यावे. कच्चा कापूस पाठविणारे देश अनेक आहेत. त्याचे सूत काढणारे त्याहून कमी, त्या सुताचे चांगले कापड विणणारे आणखी कमी, आणि धुतल्यावर न उतरणारा रंग स्वतःच्या प्रयोगशाळेत तयार करणारे तर अगदी थोडे. पहिल्या महायुद्धापूर्वी असा कृत्रिम रंग मुख्यतः जर्मनीहून येत असे. कापूस आपला, मजुरी आपली, नेसणारा आपला, आणि रंगाचे दाम मात्र परदेशी जाई. जर्मनीपाशी आपल्याहून चांगली जमीन होती म्हणून हे घडले नाही. रसायनशाळा, यंत्रशाळा आणि शिकलेला कामगार या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र होत्या म्हणून घडले.

या मोजमापात स्लोव्हेनिया जगातील अग्रगण्य देशांच्या पंक्तीत बसतो. क्षेत्रफळाने त्याच्या कित्येक पट असलेले आणि खनिज तेलाने समृद्ध असलेले अनेक देश त्याच्या पुष्कळ मागे आहेत.

बडोद्याने काय केले

आता बडोद्याकडे वळू. श्रीमंत सयाजीराव महाराज यांना १८८१ साली राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. नाशिक जिल्ह्यातील कौळाणे गावच्या शेतकरी घरातून आलेल्या या राजपुरुषाने १८८७ साली युरोपचा पहिला प्रवास केला आणि पुढे तो अनेकदा केला. राज्यात कारखानदारी यावी ही त्यांची आरंभापासूनची इच्छा होती. प्रारंभी सरकारनेच भांडवल घालून कारखाने काढण्याचा मार्ग अवलंबिण्यात आला. गणदेवी येथे साखरेचा कारखाना निघाला, परंतु तो तग धरू शकला नाही. यंत्र विकत आणता येते. ते चालविणारे, दुरुस्त करणारे, हिशेब ठेवणारे आणि माल खपविणारे हात विकत आणता येत नाहीत. ते घडवावे लागतात आणि त्यास काळ लागतो. संस्थानाचा पुढील कारभार पाहता कसब घडविण्याच्या कामावर उत्तरोत्तर अधिक भर दिला गेल्याचे दिसून येते.

१८९० साली कलाभवन सुरू झाले ते याच कामासाठी. त्याचे शिल्पकार प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे, सुतारकामाची परंपरा असलेल्या समाजातील रसायनशास्त्रज्ञ होते. रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या, बांधकाम, चित्रकला असे विषय तेथे शिकविले जात. कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून त्याला शास्त्राचे दार बंद राहू नये, या हेतूने देशी भाषेतून शिक्षण देण्यावर गज्जरांचा कटाक्ष होता आणि त्यासाठी देशी भाषेत शास्त्रीय पुस्तके तयार करण्याचा उद्योगही त्यांनी आरंभिला. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. छायाचित्रण व इतर कला त्यांनी येथे अभ्यासिल्या आणि १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांसमोर आला. एका ठिकाणी मिळविलेले कसब कोणत्या अनपेक्षित ठिकाणी फळास येईल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक आहे. मोटेचा दाखला वर दिला, पण त्या जुन्या व्यवस्थेचा एक मोठा दोषही होता. सुताराचे कसब सुताराच्या घरात आणि चर्मकाराचे चर्मकाराच्या घरात कोंडलेले असे. एकाचे ज्ञान दुसऱ्याच्या ज्ञानाला भेटत नसे, आणि ज्याच्या हातात कसब त्याला मान नसे. नवी वस्तू ही दोन ज्ञानांच्या भेटीतून जन्मते. कसब जातीच्या घरातून काढून शाळेच्या छपराखाली आणणे, हा म्हणून कलाभवनाचा सर्वांत मोठा लाभ मानावा लागेल. १८९३ साली अमरेली भागात प्रयोगादाखल सुरू केलेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ साली सर्व संस्थानाला लागू झाले आणि १९१० पासून ग्रंथालयांची चळवळ गावोगाव पोहोचली. या पायाशिवाय कलाभवनाला विद्यार्थीच मिळाले नसते.

भबक्यापासून बाटलीपर्यंत

या पेरणीचे पीक लवकरच दिसू लागले. १९०७ साली बडोद्यात अलेंबिक हा रासायनिक कारखाना स्थापन झाला. त्याच्या उभारणीत प्रा. गज्जर, प्रा. कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन ही नावे एकत्र येतात. अलेंबिक म्हणजे अर्क काढण्याचा भबका. नाव अगदी साधे, पण त्यामागील कसबांची साखळी लांब होती. अर्क काढला की तो ठेवण्यास बाटली हवी, म्हणजे काच आली. कारखाना चालविण्यास पंप व मोटारी हव्यात, म्हणजे यंत्रविद्या आली. अमीन कुटुंबातीलच नानुभाईंनी १९४३ साली ज्योती हा पंप व विद्युत यंत्रांचा उद्योग उभारला. एका कसबाच्या मागून दुसरे कसब कसे येते, याचे हे बोलके उदाहरण होय.

कसबाला भांडवलाची जोड लागते. १९०८ साली बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली आणि ती सोय झाली. १९५३ साली या बँकेने पूर्व आफ्रिकेत मोम्बासा व कंपाला येथे शाखा उघडल्या. व्यापारासाठी समुद्रापार गेलेल्या आपल्या माणसांच्या पाठोपाठ बँकही गेली.

व्यापाराला वाटही लागते. संस्थानाच्या ताब्यातील ओखामंडळात, सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाला, ओखा बंदर बांधून १९२६ साली ते खुले करण्यात आले. पण बंदर असणे वेगळे आणि बंदरातून माल देशात पोहोचणे वेगळे. काठियावाडच्या बंदरांतून ब्रिटिश हद्दीत शिरणाऱ्या मालावर विरमगाम येथे जकात घेतली जात असे. गांधीजींनी हा प्रश्न उचलून धरल्यानंतर १९१७ साली ती उठली, परंतु १९२७ साली पुन्हा बसविण्यात आली. ओखा बंदर खुले होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. आपली वाट दुसऱ्याच्या नाक्यावरून जात असेल तर आपल्या कष्टांचे मोल दुसरा ठरवितो, हा धडा लहान मुलखांनी कायम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तरीही त्या कोपऱ्यात मिठाचे काय झाले ते पाहावे. कपिलराम वकील यांनी तेथे मिठागराचा उद्योग आरंभिला आणि १९३९ साली मिठापूर येथे टाटा केमिकल्सची स्थापना झाली. मीठ सर्वच किनाऱ्यांवर पिकते. त्यापासून सोडा बनविण्याची विद्या मात्र त्या काळी मोजक्याच देशांनी सांभाळून ठेवली होती. काच, साबण, कापड या सर्वांना सोडा लागतो. मिठाच्या गोणीपासून सोड्याच्या गोणीपर्यंतचे अंतर हे मैलांचे नसून ज्ञानाचे होते. टाटा घराण्याचे मूळ पुरुष जमशेटजी यांचा जन्मही १८३९ साली बडोदे संस्थानातील नवसारीत झाला होता, हे येथे सहज आठवते.

बाजार गेला, कसब राहिले

स्लोव्हेनियाच्या इतिहासातील एक प्रसंग या संदर्भात फार उद्बोधक आहे. १९९१ पर्यंत हा मुलूख युगोस्लाव्हियाचा एक भाग होता आणि त्याच्या कारखान्यांना त्या संपूर्ण देशाची, दोन कोटींहून अधिक लोकांची बाजारपेठ घरची म्हणून मिळत असे. १९९१ च्या जून महिन्यात तो स्वतंत्र झाला. लगेच दहा दिवसांची लढाई झाली, आणि पाठोपाठ शेजारच्या प्रजासत्ताकांत युद्धाचा वणवा पेटला. घरची बाजारपेठ हातची गेली. कारखाने अडचणीत आले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

त्या कठीण काळात त्या देशाला एकाच गोष्टीने तारले. बाजार गेला तरी कामगाराच्या हातातील व अभियंत्याच्या डोक्यातील कसब गेले नव्हते. तोच माल अधिक नेटका करून, अधिक कडक कसोट्यांना उतरवून त्यांनी जर्मनी, इटली व ऑस्ट्रियाकडे नेला. २००४ साली तो देश युरोपीय संघात दाखल झाला आणि २००७ साली त्याने युरो हे चलन स्वीकारले.

तथापि चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जो देश विकून जगतो तो घेणाऱ्याच्या सुखदुःखाशी बांधलेला असतो. जागतिक मंदीच्या काळात, २००९ साली, स्लोव्हेनियाचे राष्ट्रीय उत्पन्न एका वर्षात सुमारे साडेसात टक्क्यांनी घटले. शिवाय व्यापाराचे सर्वच आकडे सारख्या मोलाचे नसतात. स्लोव्हेनियाच्या कोपर बंदरात उतरणारा बराचसा माल ऑस्ट्रिया, हंगेरी अशा देशांचा असतो आणि तो केवळ तेथून पुढे जातो. वाटेवरच्या धर्मशाळेत कितीही प्रवासी उतरले तरी त्यामुळे गावात कसब वाढत नाही. आपल्या जिल्ह्यातून किती माल गेला हे मोजताना, त्यापैकी आपल्या हातांनी किती घडविला हेही अधिकारीवर्गाने मोजावे, हा त्यातून निघणारा बोध होय.

पुढचा दुवा

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. कलाभवन त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग बनले. १९६० नंतर हे शहर गुजरात राज्यात आले आणि त्या दशकात कोयली येथील तेल शुद्धीकरण कारखाना व खतांचा कारखाना यांनी शहराचे रूप पालटले. मोठे कारखाने येथेच यावेत याला तेल, वायू व रेल्वेची सोय ही कारणे होतीच. पण शिकलेला कारागीर व रसायनतज्ज्ञ येथे आधीपासून होता, हेही एक कारण मानल्यावाचून गत्यंतर नाही. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत व स्पेन या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांच्या हस्ते वडोदरा येथे सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. ठरलेल्या ५६ विमानांपैकी ४० विमाने भारतात बनावयाची आहेत. ज्या शहरात १८९० साली रंगकाम आणि विणकाम शिकविण्यास आरंभ झाला, त्या शहरात आज विमान जोडले जात आहे. मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत एकामागून एक साठत गेलेली कसबे वजा केली तर या घटनेचा उलगडा होत नाही.

महाराष्ट्राच्या वाचकांना हे परके वाटण्याचे कारण नाही. बडोद्याहून कितीतरी लहान असलेल्या औंध संस्थानात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. नांगराच्या फाळापासून सुरू झालेली ती वाट पुढे पंप व इंजिनांपर्यंत गेली. तेथेही खाण नव्हती, बंदर नव्हते, मोठे शहरही जवळ नव्हते. जे होते ते कसब, आणि त्याला जागा देणारा राजा.

तात्पर्य

या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात सांगता येईल. लहानपण हे दारिद्र्याचे कारण नाही आणि विस्तार ही श्रीमंतीची हमी नाही. कोणत्याही मुलखाची खरी पुंजी तेथे किती प्रकारची कसबे एकत्र नांदतात आणि ती एकमेकांना किती मोकळेपणाने भेटतात, यावर ठरते. ही पुंजी एका अंदाजपत्रकात मंजूर होत नाही. कलाभवनापासून अलेंबिकपर्यंत १७ वर्षे लागली. आणि कलाभवनाला विद्यार्थी पुरविणाऱ्या शाळांचे काम तर कधी संपलेच नाही.

म्हणून गावकऱ्यांनी आपल्या गावात आज कोणकोणती कसबे आहेत याची एकदा यादी करून पाहावी. पंप दुरुस्त करणारा, वेल्डिंग करणारा, दुधाची तपासणी करणारी, शिवणकाम करणारी, मोबाईल दुरुस्त करणारा मुलगा, ही सर्व त्या यादीत यावीत. कोणते एक कसब नसल्यामुळे कोणता माल कच्चाच बाहेर जातो, हे त्या यादीवरून आपोआप दिसेल. शिक्षकांनी हाताने काम करणाऱ्या मुलाला वर्गात मागच्या बाकावर बसवू नये, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाणाऱ्या विद्यार्थ्याला नापासांची वाट धरणारा समजू नये. अधिकाऱ्यांनी इमारत व यंत्र यांच्या खर्चाबरोबरच ते चालविणाऱ्या हातांच्या शिक्षणाचा हिशेबही फायलीत ठेवावा. गणदेवीचा कारखाना आठवला म्हणजे त्याची आवश्यकता वेगळी पटवून द्यावी लागणार नाही.

सभेनंतर अनेकांचा घरी परतण्याचा रस्ता कलाभवनावरूनच जाईल. तेथे क्षणभर थांबून आपल्या घरातील पुढच्या पिढीच्या हाती कोणते नवे कसब द्यावयाचे, एवढा एक विचार प्रत्येकाने सोबत न्यावा, म्हणजे आजच्या या व्याख्यानाचे सार्थक झाले असे होईल.